कळसूबाई ते हरिश्चंद्रगड, वाटाड्यासोबत सहा दिवस पायी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकोले तालुक्यातल्या डोंगरांत आम्ही छोट्या तुकड्या घेऊन चालतो. फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची आमची उत्तरं इथे लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे थोडक्यात सांगितलं की लोक भलत्याच तयारीने येतात.

नेमकं कुठून कुठे चालायचं असतं?

आदल्या संध्याकाळी कळसूबाईच्या पायथ्याला, बारी गावात जमायचं. पहिल्या दिवशी कळसूबाई. १६४६ मीटर उंचीचं हे महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर चढून पुन्हा बारीत उतरतो आणि जीपने शेंडी, घाटघर करत साम्रदला मुक्कामाला जातो. दुसरा दिवस मुद्दाम हलका ठेवला आहे. सांदण दरीत जमेल तितकं आत जाऊन परत यायचं, संध्याकाळी दरीच्या तोंडाशी बसायचं. तिसऱ्या दिवशी साम्रदहून त्र्यंबक दरवाज्याने रतनगडावर चढतो, नेढ्यात, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या भोकात बसून डबा खातो आणि गणेश दरवाज्याच्या शिड्यांनी रतनवाडीत उतरतो. चौथ्या दिवशी रतनवाडीहून कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत. पाचव्या दिवशी मुळा नदीच्या खोऱ्यातून पाचनई. सहाव्या दिवशी पहाटे निघून हरिश्चंद्रगड, कोकणकडा, आणि दुपारी उतरून घरची वाट.

मधले दोन दिवस, म्हणजे रतनवाडी ते पाचनई, बहुतेकांनी आधी ऐकलेले नसतात. तिथे गड नाही, शिखर नाही, फोटोत ओळखू येईल असं काही नाही. दाट रान, खिंड, खिंडीपलीकडे आजोबा नावाचा डोंगर आणि भाताची खाचरं. सहल संपल्यावर लोक बोलतात ते मात्र याच दोन दिवसांबद्दल, म्हणून ते गाळून चार दिवसांत आटपा असं कोणी म्हटलं तर आम्ही नाही म्हणतो.

मग हा ट्रेक आहे की सहल?

चालण्याची सहल. शनिवारी रात्री बसने निघायचं, पहाटे गड चढायचा, दुपारी उतरायचं आणि सोमवारी ऑफिसात जांभया द्यायच्या, असा हा कार्यक्रम नाही. दिवसाला साधारण पाच ते सात तास चालणं होतं, त्यात बसणं, खाणं, बघणं सगळं आलं. वाटेत म्हातारा गुराखी भेटला तर त्याच्याशी दोन शब्द बोलायला वेळ असतो. कोणी किती मिनिटांत शिखर गाठलं याची आमच्याकडे नोंद होत नाही. ज्यांना ती हवी असते त्यांचा पहिल्या दिवशी जरा हिरमोड होतो.

यायचं कधी?

आम्ही ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा मध्य एवढ्याच काळात चालतो. त्यातही प्रत्येक महिना वेगळा.

सप्टेंबर सरताना आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पठारं सोनकीने पिवळी झालेली असतात, उतारांवर तेरडा असतो, ओढे वाहते असतात. फोटोसाठी याहून चांगले दिवस नाहीत. पण हाच परतीच्या पावसाचा काळ. सकाळी लख्ख ऊन, दुपारी तीनला काळेकुट्ट ढग आणि विजा. कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. विजा चमकत असताना त्या शिड्यांवर असणं ही चेष्टा नाही, म्हणून ऑक्टोबरात आम्ही बारीतून उजाडायच्या आत निघतो आणि दुपारच्या आत शिखर सोडतो. नवरात्रात कळसूबाईला यात्रा असते. भाविकांची रीघ लागलेली असते, शिड्यांवर थांबावं लागतं. देवीचं दर्शन हा हेतू असेल तर जरूर या, पण शांत चालणं हवं असेल तर ते नऊ दिवस टाळा.

ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर भात कापणीचे दिवस. खोऱ्यात खळी लागलेली असतात, हवेला पेंढ्याचा वास असतो. फक्त एक अडचण असते. आमचे वाटाडे हे आधी शेतकरी आहेत. कापणीच्या आठवड्यात त्यांना डोंगरावर या म्हणणं बरोबर नाही, त्यामुळे तेव्हा तुकड्या कमी असतात आणि लवकर भरतात.

डिसेंबर आणि जानेवारी थंडीचे. हवा स्वच्छ, आकाश निरभ्र, रतनगडाच्या नेढ्यातून अलंग, मदन, कुलंग हे गड आणि कळसूबाईची रांग कोरून काढल्यासारखी दिसते. रात्री पाचनईत पारा दहा अंशांखाली जाऊ शकतो. पुणेकरांना हे खरं वाटत नाही आणि ते पातळ स्वेटर घेऊन येतात. परदेशातून सुट्टीला येणारी मराठी मंडळीही याच दिवसांत येतात. त्यांना एक आगाऊ सूचना : तिकडच्या डोंगरवाटांवर जशा खुणांच्या पाट्या असतात तशा इथे बहुतेक ठिकाणी नाहीत.

फेब्रुवारीच्या मध्यानंतर गवत वाळतं, वणवे लागतात, झरे आटतात. मार्च-एप्रिलमध्ये दुपारचा कातळ तापतो आणि गावांनाच पाणी पुरत नाही. अशा वेळी बारा जणांची तुकडी नेऊन त्यांच्या हंड्यातलं पाणी संपवायचं, हे आम्हाला पटत नाही.

पावसाळ्यात का नाही? तेव्हाच तर सगळे जातात!

सगळे जातात म्हणूनही, आणि पावसामुळेही. घाटघरला एका पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणं नवलाचं नाही. कुमशेत-पाचनईकडचे ओढे तासाभरात पोटरीवरून छातीपर्यंत चढतात. सांदण दरी तर पावसाळ्यात पाण्याची वाटच असते. वरून पाणी आलं तर दोन्ही बाजूंना उभे कातळ, पळायला जागा नाही. धबधब्यांवर गर्दी झाली की जिल्हा प्रशासन बंदीचे हुकूमही काढतं.

पाऊस बघायचाच असेल तर भंडारदऱ्याला या, रंधा धबधबा लांबून बघा, गरम भजी खा, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ बघा. हेमाडपंती बांधणीचं हे देऊळ पावसात भिजलेलं फार देखणं दिसतं. डोंगर ऑक्टोबरात चढू.

काजवे बघायला नेता का?

मे अखेर आणि पहिल्या पावसाच्या आसपास भंडारदरा, घाटघर पट्ट्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एकाच लयीत लुकलुकतात. दृश्य अद्भुत असतं यात वाद नाही. पण त्याच रस्त्यांवर शनिवारी रात्री गाड्यांची रांग, हेडलाइट, स्पीकर आणि अंधारात झाडाखाली घुसणारी माणसं असतात. काजवा उजेडाने जोडीदार शोधतो. तिथे तुमच्या मोबाईलची बॅटरी लागली की त्याचा सगळा बेत फसतो. जमिनीवर आणि गवतात बसलेले पायाखाली जातात ते वेगळंच. म्हणून आम्ही काजव्यांची सहल काढत नाही. स्वतः गेलात तर मधल्या वारी जा, गाडी लांब लावा, उजेड बंद ठेवा आणि रस्त्यावरूनच बघा.

माझी तयारी पुरेशी आहे का, हे कसं कळणार?

पुण्यात राहत असाल तर आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढा. दीड तासात वर पोहोचलात, त्याच दिवशी उतरलात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढायची इच्छा झाली, तर तुम्ही तयार आहात. इच्छा होणं महत्त्वाचं, कारण इथे सलग सहा दिवस आहेत. नाशिककरांनी त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी करून बघावा. मुंबईत इमारतीचे जिने आहेतच, पण पाठीवर पाच किलो घेऊन चढा, आणि लिफ्टने नाही, जिन्यानेच उतरा.

जिममध्ये जाणारी तरुण मुलं पहिल्या दिवशी सर्वांत पुढे असतात आणि चौथ्या दिवशी मागे. रोज संध्याकाळी तासभर चालायला जाणाऱ्या साठीच्या काकू उलट. यात चमत्कार काही नाही. सह्याद्रीत दमसासापेक्षा सवय कामाला येते.

गुडघे दुखतात. येऊ का?

चढताना दम लागतो, गुडघा दुखतो तो उतरताना. आमच्या मार्गावर कळसूबाईचा आणि रतनगडाचा उतार हे दोन मोठे. काठी घ्या, शक्यतो दोन. बांबूची चालते, आम्ही गावातून देतो. पावलं लहान टाका, घसाऱ्यावर टाच आधी टेकवा, कोणी मागून घाई केली तर त्याला पुढे जाऊ द्या. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर डॉक्टरांना ‘ट्रेकला जाऊ का’ असं मोघम विचारू नका. ‘रोज दोन-तीन तास दगडी उतार आहे, सहा दिवस’ असं सांगून विचारा. उत्तर वेगळं येतं.

मोबाईलवर वाट सापडते, मग वाटाड्या कशाला?

कळसूबाईला वाटाड्या नसला तरी चालतं, वाट मळलेली आहे. साम्रद ते रतनगड, आणि विशेषतः रतनवाडी ते कुमशेत, ही गोष्ट वेगळी. तिथे मळलेल्या वाटेला दहा ढोरवाटा फुटतात. सगळ्या सारख्याच दिसतात, आणि त्यातल्या काही थेट कड्यावर नेऊन सोडतात, कारण गुरं तिथे चरायला जातात. कारवीच्या रानात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. मोबाईलमधली रेघ ही कोणीतरी तीन वर्षांपूर्वी चाललेली असते. मधल्या पावसाळ्यात दरड येऊन ती वाट मोडली आहे, हे त्या रेघेला ठाऊक नसतं. गावातल्या माणसाला असतं, कारण तो परवाच तिथून सरपण घेऊन आला.

शिवाय तो बरंच काही दाखवतो, फक्त विचारावं लागतं. हिरडा कधी गोळा करतात, कोणत्या टाक्यातलं पाणी पितात आणि कोणत्या टाक्यातलं फक्त गुरांना, कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते तेव्हा मधाचं काय होतं. इथले बरेच लोक महादेव कोळी आणि ठाकर समाजाचे आहेत, पिढ्यान्‌पिढ्या याच डोंगरांत राहिलेले. भंडारदऱ्याच्या जलाशयाला ज्यांचं नाव दिलं ते आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे याच मुलखातले. इंग्रजांविरुद्ध उठाव करून याच कडेकपारींत ते लपत फिरले. आमच्या वाटाड्यांना त्यांच्या गोष्टी घरातल्या माणसाच्या असाव्यात तशा सांगता येतात. मात्र चालताना कानात इअरफोन घालून बसलात तर तो बिचारा गप्प राहतो.

प्रत्येक तुकडीत एक वाटाड्या पुढे असतो आणि एक माणूस सर्वांत मागे. बारापेक्षा जास्त माणसं आम्ही घेत नाही. वेग मागचा माणूस ठरवतो.

वाटाड्या मध्येच ‘परत फिरा’ म्हणाला तर?

फिरायचं. त्यावर मतदान नाही. धुकं उतरलं, विजा लागल्या, त्र्यंबक दरवाज्याच्या पायऱ्यांवर पाणी आलं किंवा तुकडीतल्या एकाचा पाय मुरगळला, अशा वेळी निर्णय त्याचा असतो आणि आमचा माणूसही त्याला टोकत नाही. पर्यायी वाट शक्य असेल तर ती घेतो. साम्रदहून चढणं जमलं नाही तर जीपने रतनवाडीला जाऊन दुसऱ्या दिवशी शिड्यांच्या वाटेने जमेल तेवढं चढतो. शिखर हुकल्याबद्दल पैसे परत मिळत नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण शिखराच्या अर्ध्या तास खाली, ढग गडगडत असताना, ‘आम्ही पैसे भरलेत’ हे वाक्य ऐकायची आमची इच्छा नाही.

उंचीची भीती वाटते. कुठे अडेन?

तीन ठिकाणी विचार करा. कळसूबाईच्या शिड्यांना कठडे आहेत, तिथे बहुतेक जण निभावून नेतात. रतनगडाच्या त्र्यंबक दरवाज्याकडच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, बाजूला दरी आहे. इथे वाटाडे एकेकाला हाताला धरून नेतात आणि लागला तर दोर बांधतात. पाचनईच्या वाटेवर कड्याच्या कडेने जाणारा टप्पा आहे, तिथे रेलिंग लावलेलं आहे. कोकणकड्यावर मात्र भीती वाटली तर ती बरी. हा कडा आत वळलेला आहे, काठावर उभं राहिलं की पायाखाली काय आहे हे दिसतच नाही. काठापासून लांब पालथं झोपून, मागे कोणीतरी पाय धरून, मान पुढे काढून बघायचं. उभं राहून सेल्फी काढणाऱ्याला आम्ही मागे ओढतो, आणि ते सौम्यपणे नसतं.

मुक्काम तंबूत असतो का?

नाही, गावातल्या घरांत. ओटीवर किंवा पडवीत गाद्या घालतो, डिसेंबरात आतल्या खोलीत. तुमच्या झोपायच्या पिशव्या आणल्यात तर उत्तम, नाहीतर गोधड्या आणि घोंगड्या आहेत. पहाटे चारला कोंबडा आरवतो आणि त्याला थांबवायची सोय आमच्याकडे नाही.

गडावर तंबू का नाही, हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ साली ते जाहीर झालं. गडावर मुक्कामाची गर्दी झाली की शेकोट्या, प्लास्टिक आणि टाक्यांमधलं खरकटं यांनी काय होतं, ते सुट्टीच्या सोमवारी वर जाऊन बघावं. शिवाय घरात राहिलात तर पैसे घरात राहतात.

संडास आणि अंघोळीचं काय?

हा प्रश्न लोक शेवटी, आवाज बारीक करून विचारतात. मोकळेपणाने विचारा. मुक्कामाच्या प्रत्येक घरी संडास आहे, बहुतेक भारतीय पद्धतीचा. अंघोळीला चुलीवरचं गरम पाणी एक बादली मिळतं. एकच, कारण ते कोणीतरी वाहून आणलेलं असतं. चालताना आडोसा शोधावा लागतो. पाण्यापासून लांब जा, छोटा खड्डा करा, बुजवा, कागद पिशवीत घालून परत आणा. पाळीच्या दिवसांत चालणं होत नाही असं काही नाही. वापरलेले पॅड नेण्यासाठी काळ्या पिशव्या आम्ही देतो. त्या चुलीत किंवा रानात टाकायच्या नाहीत, शेंडीला परत नेतो. तुकडीत बायका असतील तर आमच्याकडून एक बाई सोबत असतेच.

जेवायला काय मिळतं?

नागलीची नाहीतर तांदळाची भाकरी, पिठलं, झुणका, शेंगदाण्याचा ठेचा, वरण, कधी वरईचा भात. या भागातला काळभात आणि आंबेमोहोर मिळाला तर समजा नशीब उघडलं. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी डब्यात भाकरी-भाजी. गावरान कोंबडी हवी असेल तर आदल्या दिवशी सांगा आणि तिचे पैसे थेट घरच्या बाईंच्या हातात द्या. जैन जेवण होतं, कांदा-लसूण नसलेलंही होतं, फक्त नोंदणी करतानाच कळवा. ऐनवेळी सांगितलं की त्या मावशी काळजीत पडतात आणि शेवटी दहीभात होतो.

पनीर विचारू नका. बीजमाता म्हणून पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. त्यांनी जपलेल्या गावठी वाणांच्या मुलखात येऊन पाकिटातलं नूडल्स खाण्यात काय मजा, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

पिण्याचं पाणी?

दोन लिटर मावेल एवढ्या बाटल्या आणा. मुक्कामी उकळून गार केलेलं पाणी देतो. वाटेत विहीर, झरा किंवा टाकं कुठे आहे आणि ते पिण्याजोगं आहे का, हे वाटाड्याला विचारल्याशिवाय बाटली बुडवू नका. बाटलीबंद पाण्याचे खोके आम्ही नेत नाही.

बूट कोणते घ्यावेत? सॅक किती मोठी?

तळवा चांगला पकड घेणारा असला म्हणजे झालं, किमतीला महत्त्व नाही. महाराष्ट्रातले जुने ट्रेकर स्वस्तातल्या ‘ॲक्शन’च्या बुटांवर आयुष्य काढत आले आहेत, ते वेड्यासारखे नाही. नवे कोरे बूट घालून मात्र येऊ नका. आधी दोन-तीन आठवडे वापरा, नाहीतर साम्रदपासून तुमचं सगळं लक्ष टाचेवरच्या फोडाकडे.

मोठी सॅक जीपने पुढच्या मुक्कामी जाते. कुमशेतच्या दिवशी ती वळसा घालून येते, म्हणून कधीकधी तुमच्या नंतर पोहोचते. पाठीवर फक्त दिवसाचं सामान : पाणी, डबा, सुका खाऊ, टोपी, विंडचीटर, बॅटरी, तुमची औषधं. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लांब पँट घाला. कारवी आणि वाळलं गवत उघड्या पोटऱ्यांवर ओरखडे काढतं.

साप, बिबट्या वगैरे?

बिबट्या आहे. तो तुम्हाला दिसेल ही शक्यता फार कमी, त्याला तुम्ही दिसाल ही बरीच. शेकरू दिसलं तर मात्र थांबा, ते राज्यप्राणी आहे आणि उंच झाडांवरच्या त्याच्या उड्या बघण्यासारख्या असतात. सापांमध्ये नाग, मण्यार, घोणस, फुरसं असे विषारी साप सह्याद्रीत आहेत. दगडाच्या फटीत हात घालू नका, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका, बूट झटकून घाला.

आम्हाला खरी भीती वाटते ती आग्या मधमाश्यांची. कड्यांवर, नेढ्यांच्या आसपास, सांदणसारख्या घळींत त्यांची पोळी असतात. उग्र अत्तर, डिओ, धूर, दगड मारणं, आरडाओरडा, यातल्या कशानेही त्या उठू शकतात, आणि उठल्या की कड्यावर पळायला जागा नसते. म्हणून सहा दिवस अत्तर बंद. सिगारेटही बंद. वाटाड्याने ‘गप्प चला’ म्हटलं की गप्प चालायचं, कारण नंतर विचारा.

कोणाला काही झालं तर?

तुकडीसोबतच्या माणसाने प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं असतं, पेटी सोबत असते, जीप रस्त्याच्या जवळच्या टोकाला उभी असते. १०८ ची रुग्णवाहिका आणि जवळचं मोठं गाव राजूर. पण खरं सांगायचं तर कात्राबाईच्या खिंडीत पाय मोडला तर रुग्णवाहिका खिंडीत येत नाही. बांबू आणि घोंगडीची डोली करून गावकरी खाली आणतात आणि त्यात तास मोडतात. हे ठाऊक असू द्या आणि त्या हिशेबाने पाय टाका. मधुमेह, दमा, रक्तदाब, ॲलर्जी, जे असेल ते अर्जात लिहा. लपवलेला आजार डोंगरावर उघडा पडतो.

मुलं आणि ज्येष्ठ?

दहा वर्षांवरची, चालायची आवड असलेली मुलं आईवडिलांसोबत चालतील. वरच्या वयाला मर्यादा नाही. साठीनंतर डॉक्टरांचा दाखला मागतो, इतकंच.

मी एकटी येणार आहे. ठीक आहे ना?

हो. बऱ्याच जणी एकट्या येतात. झोपायला बायकांची वेगळी खोली असते आणि मुक्काम कुटुंबातच असतो, लॉजमध्ये नाही. घरातल्या आजी तुमची पूर्ण चौकशी करतील, लग्नाबद्दलसुद्धा. त्याला आमचा इलाज नाही.

मोबाईलला रेंज असते का?

शिखरांवर अधूनमधून, कुमशेतच्या बाजूला जवळपास नाही. घरच्यांना आधीच सांगून या.

दारू, स्पीकर, ड्रोन?

नाही, नाही, आणि वनखात्याची परवानगी नसेल तर नाही.

कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसेल का?

दिसलं तर तुमचं भाग्य. सूर्य पाठीशी आणि समोर खाली दरीत धुकं, असा योग लागला की धुक्यावर गोल इंद्रधनुष्य उमटतं आणि त्याच्या मधोमध तुमचीच सावली. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हरिश्चंद्रगडावरून हे बघितल्याचं १८३५ साली छापून आलं, तेव्हापासून हौशी लोक त्याच्या मागे आहेत. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे ऊन पाठीमागून यायला सकाळच हवी, आणि धुकं हवं म्हणजे पावसाळ्याच्या आसपासचे दिवस हवेत. आमच्या ऑक्टोबरच्या तुकड्यांना थोडी आशा, जानेवारीच्या तुकड्यांना जवळपास नाही. सूर्यास्तासाठी आम्ही कड्यावर थांबत नाही, कारण मग पाचनईची वाट अंधारात उतरावी लागते.

इंद्रवज्र नाही दिसलं तरी केदारेश्वराची गुहा आहेच. गुडघ्याच्या वर गार पाणी, मधोमध भलं मोठं शिवलिंग, चार खांबांपैकी एकच अखंड राहिलेला. उरलेला खांब पडला की कलियुग संपणार असं लोक सांगतात. पाण्यात उतरा, पण खांबाला टेकून फोटो काढू नका.

बारीला पोहोचायचं कसं, आणि परतीचं काय?

मुंबईहून कसारा किंवा इगतपुरीपर्यंत रेल्वे, तिथून घोटीमार्गे एसटी किंवा जीप. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. शेवटच्या दिवशी पाचनईहून आमची जीप राजूरला सोडते, तिथून एसटी आहे. त्याच रात्रीची रेल्वे किंवा विमान काढू नका.

पैसे किती, आणि ते जातात कुठे?

दर तुकडीच्या आकारावर ठरतो आणि तारीख जाहीर करतानाच सांगतो. त्यात मुक्काम, जेवण, वाटाड्यांची मजुरी, जीप, अभयारण्याचं प्रवेशशुल्क आणि विमा येतो. बारीपर्यंतचा प्रवास येत नाही. वाटाडे आणि घरं यांना पैसे त्याच दिवशी, त्यांच्या हातात दिले जातात. तुम्ही विचारलंत तर प्रत्येकाला किती, हेही सांगतो.

आमच्याकडे या किंवा दुसऱ्या कोणाबरोबर जा, पण काही गोष्टी विचाराच. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? एका लीडरमागे माणसं किती? वाटाडे स्थानिक आहेत का? विमा कोणाच्या नावे आहे? उत्तर म्हणून फक्त धबधब्याचा रील पाठवला, तर समजून जा.

वाटाड्याला बक्षिशी द्यावी का? गावातल्या मुलांना खाऊ आणू?

बक्षिशी तुमच्या मर्जीवर, पण द्यायची असेल तर सगळ्यांनी मिळून एकत्र द्या. एकट्याने गुपचूप दिली की पुढच्या तुकडीत कोण श्रीमंत याचे अंदाज बांधले जातात. वापरून सोडलेले पण धड असलेले बूट, जॅकेट, सॅक यांचा उपयोग होतो, आधी माप विचारा. मुलांना रस्त्यात चॉकलेटं वाटू नका. दोन-तीन वर्षांत ती प्रत्येक पाहुण्यापुढे हात पसरायला लागतात, आणि ते त्यांच्या आईबापांना आवडत नाही. वह्या, गोष्टीची पुस्तकं आणलीत तर साम्रद, कुमशेत किंवा पाचनईच्या शाळेत गुरुजींकडे द्या. शाळा भरलेली असेल तर पाच मिनिटं थांबून मुलांशी बोला. कुठून आलात, काय करता, आणि एवढे पैसे देऊन पायी का चालता, हे ती विचारतीलच.